हवाई फवारणी आणि वैमानिकाचा थकवा

पिकावर विमानातून औषध फवारले जात असताना ते दृश्य पाहणाऱ्यास मोठे विलोभनीय वाटते. विमान पिकाच्या शेंड्यांवरून अवघ्या तीन-चार मीटर उंचीने धावत येते, मागे तुषारांचा पांढरा पट्टा सोडते, शेताच्या बांधाशी येताच एकदम वर उसळते, वळते आणि पुन्हा खाली उतरते. नांगराचे तास एकाशेजारी एक पडावेत तसे फवाऱ्याचे पट्टे शेतावर पडत जातात. पाहणारा दहा मिनिटे पाहतो आणि आपल्या कामाला लागतो. विमानात बसलेला मनुष्य मात्र हेच काम पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत आणि हंगामाचे कित्येक आठवडे करीत असतो. त्या मनुष्याच्या थकव्याचा आणि त्यातून उद्भवणाऱ्या धोक्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्याकडील वाचकांस हा विषय काहीसा दूरचा वाटण्याचा संभव आहे. महाराष्ट्रात फवारणी म्हटली की पाठीवरचा पंप डोळ्यांपुढे उभा राहतो. तथापि गेल्या काही वर्षांत ड्रोनने फवारणी करण्याची पद्धत आपल्या खेड्यांत येऊन पोहोचली आहे आणि आकाशातून औषध टाकण्याचे प्रश्न त्याबरोबरच आपल्या दाराशी आले आहेत. ज्या देशांनी हे काम शंभर वर्षे केले, त्यांनी त्यातील काही गोष्टी माणसे गमावून शिकून घेतल्या. त्या आपण केवळ वाचून शिकू शकलो तर ते स्वस्तात पडेल.

शंभर वर्षांचा अनुभव

विमानाचा उपयोग पिकावरील किडीविरुद्ध प्रथम झाला तो ३ ऑगस्ट १९२१ रोजी, अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ट्रॉय या गावाजवळ. तेथील कॅटाल्पा वृक्षांच्या एका राईवर सुरवंटांनी धाड घातली होती. जॉन मॅक्रेडी या लष्करी वैमानिकाने पहिल्या महायुद्धातील कर्टिस जातीचे जुने विमान राईच्या कडेने नेऊन लेड आर्सेनेटची भुकटी सोडली. वाऱ्याने ती झाडांवर पसरली आणि सुमारे सहा एकरांचे काम काही क्षणांतच आटोपले. पुढच्याच वर्षी लुइझियाना राज्यात टॅलुला येथे कापसावरील सोंडकिड्याविरुद्ध याच रीतीने धुरळणीचे प्रयोग सुरू झाले. त्या कामासाठी १९२५ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या एका धुरळणी कंपनीतूनच पुढे डेल्टा ही प्रवासी वाहतूक करणारी प्रचंड कंपनी निर्माण झाली, ही गोष्ट मौजेची म्हणून नमूद करण्यासारखी आहे. कापसाच्या बोंडाने जगाला किती गोष्टी दिल्या याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धातून उरलेली विमाने स्वस्तात मिळू लागली आणि ती चालविणारे तरुण वैमानिक कामाच्या शोधात होते. न्यूझीलंडमध्ये १९४९ पासून डोंगरउतारावरील कुरणांवर विमानातून सुपर फॉस्फेट पसरण्याचा धंदा उभा राहिला तो याच परिस्थितीत. मात्र ही विमाने दुसऱ्याच कामासाठी घडविलेली होती. वैमानिकास पुढचे नीट दिसत नसे. औषधाची टाकी पुष्कळदा त्याच्या मागे बसविलेली असे आणि विमान जमिनीवर आदळले की ते सारे ओझे त्याच्या पाठीवर येई.

या परिस्थितीत फ्रेड वाइक या अमेरिकन अभियंत्याने मोठी सुधारणा घडवून आणली. टेक्सासच्या कृषी महाविद्यालयात त्याने केवळ शेतीच्या कामासाठी एक विमान आखले आणि ते डिसेंबर १९५० मध्ये प्रथम उडाले. त्यात वैमानिकाची बैठक उंचावर होती आणि औषधाची टाकी इंजिन व वैमानिक यांच्यामध्ये होती. विमान आदळले तर प्रथम इंजिन, मग टाकी अशा क्रमाने आघात शोषला जावा हा त्यामागचा हेतू होता. बैठकीचे पट्टे जबर आघात सहन करतील असे होते, चाकांच्या दांड्यांवर तारा कापणारी धारदार पाती होती आणि बैठकीच्या छतापासून शेपटीपर्यंत एक तार ताणलेली होती, जेणेकरून वाटेत आलेली विजेची तार वरून घसरून जावी. पुढे त्यानेच आखलेले पायपर कंपनीचे ‘पॉनी’ विमान देशोदेशी गेले. आपल्या देशातही बंगळूर येथे हिंदुस्तान एअरोनॉटिक्सने ‘बसंत’ नावाचे कृषी विमान तयार केले. त्याची सुधारलेली आवृत्ती १९७२ मध्ये उडाली आणि १९८० पर्यंत अशी सुमारे चाळीस विमाने बांधण्यात आली.

अशा रीतीने यंत्रात सुधारणा झाली. पूर्वी ज्या अपघातात मृत्यू ठरलेला असे, त्यातून माणसे चालत बाहेर येऊ लागली. तथापि अपघात घडावयाचे थांबले नाहीत, कारण यंत्र चालविणारा देह तोच राहिला.

एका दिवसाचे काम

कृषी वैमानिकाच्या दिवसाची कल्पना आल्याशिवाय त्याच्या थकव्याची कल्पना येणार नाही. फवारणीसाठी वारा मंद हवा, ऊन कोवळे हवे. त्यामुळे कामाची उत्तम वेळ पहाटेची व सायंकाळची. अमेरिकेच्या उत्तर भागात उन्हाळ्यातील दिवस पंधरा-सोळा तासांचा असतो. पहाटे पाचला पहिले उड्डाण करावयाचे तर वैमानिकास साडेतीन-चारला उठावे लागते आणि शेवटची फेरी आटोपून विमान जागेवर लावेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. काही भागांत तर मधमाश्यांस इजा होऊ नये आणि शेतात मजूर नसावेत म्हणून रात्रीच्या अंधारात दिवे लावून फवारणी केली जाते.

विमानाचा वेग ताशी २०० किलोमीटर धरला, तर ते एका सेकंदात सुमारे ५५ मीटर अंतर कापते. आठशे मीटर लांबीचे शेत पंधरा सेकंदांच्या आत संपते. शेताचे टोक येताच औषधाची झडप बंद करावयाची, विमान वर घ्यावयाचे, झाडे व तारा ओलांडावयाच्या, वळावयाचे आणि नेमक्या पुढच्या पट्ट्यावर पुन्हा खाली यावयाचे. हे सारे मिनिटभरात घडते आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. विमान साठ अंश कलवून समपातळीत वळविले तर वैमानिकाच्या देहाचा भार दुप्पट होतो, म्हणजे सत्तर किलो वजनाच्या माणसास त्या क्षणी आपण एकशे चाळीस किलोचे आहोत असे वाटते. प्रत्येक वळण इतके तीव्र नसते. परंतु दिवसाकाठी अशी वळणे काही शे होतात आणि मान, पाठ व दंड यांना ती मोजावी लागतात.

टाकी रिकामी झाली की धावपट्टीवर उतरावयाचे. पुष्कळ ठिकाणी इंजिन चालू ठेवूनच टाकी भरली जाते. आजकालच्या मोठ्या कृषी विमानांत तीन हजार लिटरपर्यंत द्रव मावतो. इतके ओझे घेऊन, कित्येकदा साध्या मातीच्या धावपट्टीवरून, दुपारच्या विरळ झालेल्या हवेत उड्डाण करणे ही प्रत्येक वेळी एक कसोटीच असते. प्रवासी विमानाचा वैमानिक दिवसातून दोन-चार वेळा उड्डाण करतो आणि जमिनीपासून दहा किलोमीटर उंच गेल्यावर त्याला थोडी उसंत मिळते. कृषी वैमानिक जमिनीलगतच दिवस काढतो. त्याच्या शेजारी दुसरा वैमानिक नसतो. डुलकी आली तर खांद्याला हात लावणारे तेथे कोणी नाही.

दिसलेली तार

या धंद्यातील सर्वांत मोठ्या शत्रूंपैकी एक म्हणजे शेतावरून गेलेल्या विजेच्या तारा. तार दुरून दिसत नाही. दिसतात ते खांब, आणि खांबांवरून तारेचा अंदाज बांधावा लागतो. यामुळे साहजिकच असा समज होतो की तारेला विमान धडकते ते वैमानिकास तार ठाऊक नसल्यामुळे.

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीने हा समज पुसून टाकला. २००१ ते २०१० या दहा वर्षांत तारेला धडकण्याच्या ज्या घटनांची नोंद झाली त्यांपैकी १०० कृषी उड्डाणातील होत्या. त्यांतील ६३ टक्के वैमानिकांना ती तार तेथे आहे हे धडकण्यापूर्वी ठाऊक होते. त्यांनी ती पाहिली होती. काहींनी तर त्याच दिवशी अनेकदा तिला चुकविलेही होते. नंतर मात्र, एखाद्या फेरीच्या वेळी, ती त्यांच्या मनातून निघून गेली.

हा आकडा वाचून प्रस्तुत लेखक बराच वेळ थांबला होता. माहिती देणे हे आमचे काम. माणसाला माहिती दिली की तो धोका टाळील अशी आमची समजूत असते आणि पत्रके, फलक व मेळावे याच समजुतीवर उभे असतात. येथे तर माहिती होती, अनुभव होता, जीव वाचविण्याची इच्छा तर होतीच, आणि तरीही तार लागली. जे ठाऊक आहे ते नेमक्या क्षणी आठवणे हे वेगळे सामर्थ्य आहे, आणि थकवा पहिला घाला घालतो तो याच सामर्थ्यावर. शेताचे मुख्य काम संपल्यावर कडेचे राहिलेले तुकडे आडव्या फेऱ्यांनी उरकावयाचे असतात. त्या वेळी उड्डाणाची दिशा बदलते, सकाळपासून बसलेली लय तुटते, काम संपल्याची भावना मनात आलेली असते. अनुभवी वैमानिक अशा फेरीपूर्वी शेतावरून पुन्हा एक घिरटी घालून तारा नव्याने पाहून घेतात. या घिरटीचे पैसे कोणी देत नाही.

थकव्याचे स्वरूप

थकवा म्हणजे केवळ अंग दुखणे नव्हे. झोप अपुरी झाली म्हणजे लक्ष विखुरते, निर्णय मंदावतो, स्मरण दगा देते आणि डोळे उघडे असतानाही मेंदू दोन-तीन सेकंद झोपी जातो. घरी खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बाबतीत ते दोन-तीन सेकंद निरुपद्रवी असतात. वर सांगितलेल्या वेगाने उडणारे विमान तेवढ्या वेळात शंभर ते दीडशे मीटर पुढे गेलेले असते.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एक लक्षणीय तुलना प्रसिद्ध केली. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची हाता-डोळ्यांची कामगिरी, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते असे त्यांना आढळले. आपल्या मोटार वाहन कायद्याने वाहनचालकास घालून दिलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. पहाटे चारला उठून रात्री नऊला शेवटचे उड्डाण संपविणारा वैमानिक मद्याचा थेंबही न घेता ही मर्यादा जणू ओलांडून गेलेला असतो. मद्य घेतलेल्या माणसाच्या तोंडाला वास तरी येतो.

झोपेची तूट रोजच्या रोज साचत जाते, ही दुसरी गोष्ट. रोज दोन तास कमी झोप मिळाली तर आठवड्याअखेर त्या माणसाची स्थिती रात्रभर जागलेल्या माणसासारखी होऊ शकते. चमत्कारिक बाब अशी की त्याला स्वतःला मात्र आपण सरावलो असेच वाटत राहते. ज्या मेंदूने थकवा ओळखावयाचा तोच मेंदू थकलेला असतो. आपण ठीक आहोत असे थकलेला वैमानिक सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. म्हणून ‘थकल्यासारखे वाटले तर थांबावे’ हा सल्ला, कितीही सद्हेतूने दिलेला असला, तरी अपुराच पडतो. थांबण्याची वेळ काम सुरू होण्यापूर्वी, ताजेतवाने असताना, आणि शक्यतो दुसऱ्या कोणी तरी ठरविलेली असावी लागते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१३ या एका वर्षातील कृषी उड्डाणांच्या ७८ अपघातांचा विचार करून २०१४ मध्ये विशेष अहवाल काढला. त्यात विमानांची देखभाल, वैमानिकांची परीक्षा व कामातील जोखमीचे मापन यांच्याबरोबरच थकव्याचे व्यवस्थापन हा प्रश्न ठळकपणे मांडण्यात आला. प्रवासी वाहतुकीच्या वैमानिकांना तेथे कामाच्या तासांची काटेकोर मर्यादा आहे. कृषी उड्डाणाच्या नियमावलीत तशी मर्यादा घातलेली नव्हती आणि या धंद्याच्या गरजा ओळखून दिलेले मार्गदर्शनही नव्हते. एकटा वैमानिक, स्वतःचे विमान, स्वतःचे गिऱ्हाईक, अशा धंद्यावर घड्याळ लावणे अवघड होते हे खरे.

विषाचा थकवा

कृषी वैमानिकाच्या बाबतीत एक गुंतागुंत अशी आहे की जी इतर वैमानिकांच्या वाट्यास येत नाही. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके शरीरात गेली म्हणजे मज्जासंस्थेचे काम नियमित ठेवणारे कोलिनेस्टरेज नावाचे विकर निकामी होऊ लागते. मोठी मात्रा गेली तर लाळ, घाम, स्नायूंचे थरथरणे, श्वास कोंडणे अशी भयानक लक्षणे तत्काळ दिसतात व रुग्णास ॲट्रोपिन द्यावे लागते. परंतु थोडे थोडे विष दिवसेंदिवस जात राहिले तर काय दिसते? डोके जड होते, अंधुक दिसते, मळमळते, हातपाय गळून जातात, कामात मन लागत नाही. ही सारी साध्या थकव्याचीही लक्षणे आहेत. वैमानिक व त्याच्या घरचे लोक त्यांचा संबंध जागरणाशी आणि उन्हाशी लावतात व खरे कारण दडून राहते.

याच विषाने डोळ्याची बाहुली आक्रसते. बाहुली आक्रसली की डोळ्यात प्रकाश कमी शिरतो. भर दुपारी याची जाणीवही होत नाही. परंतु कृषी वैमानिकाचे काम झुंजुमुंजू झाले असताना आणि संधिप्रकाशात चालते. त्या वेळी तारेचा खांब दिसला पाहिजे.

यावर जे उपाय निघाले ते अगदी साधे आहेत. वैमानिकाने मूळ औषध हाताळू नये, ते मिसळण्याचे व टाकीत भरण्याचे काम निराळ्या माणसाने संरक्षक कपडे घालून करावे. हंगामापूर्वी रक्ताची तपासणी करून कोलिनेस्टरेजची मूळ पातळी नोंदवावी आणि हंगामात ती पुन्हा पाहावी. ती घसरली तर त्या माणसास औषधापासून दूर ठेवावे. कॅलिफोर्निया राज्याने अशी औषधे नियमित हाताळणाऱ्या कामगारांसाठी ही देखरेख १९७४ पासून सुरू केली. पूर्वी शेताच्या टोकाशी निशाण घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाच्या अंगावर रोज औषध पडे. उपग्रहाच्या साहाय्याने दिशा दाखविणारी उपकरणे आल्यावर त्याची त्या कामातून सुटका झाली.

घाई कोणाची?

वैमानिक थकलेला असूनही उड्डाण का करतो, याचे उत्तर पुष्कळदा शेतकऱ्याच्या घरात सापडते. अळी आज पडली, उद्या पाऊस येणार, शेजाऱ्याच्या शेतात विमान येऊन गेले आणि आपल्या शेतात आले नाही. शेतकऱ्याची घाई खोटी नसते, कारण पीक त्याच्या वर्षाचे असते. कंपनीचा हंगाम तीन-चार महिन्यांचा असतो आणि वर्षाची मिळकत त्यातच करावयाची असते. वैमानिकास मोबदला बहुधा फवारलेल्या एकरांवर मिळतो. थांबला की मिळकत थांबली. या साखळीत कोणीही दुष्ट नाही. प्रत्येक जण थोडीशी घाई करतो आणि त्या साऱ्या घाईचा भार शेवटी एका माणसाच्या डोळ्यांवर येऊन पडतो.

ज्या ठिकाणी व्यवस्था चांगली लागली, तेथे दुपारी वारा वाढल्यावर काम सक्तीने बंद ठेवून त्या वेळात वैमानिकास थंड व अंधाऱ्या खोलीत झोपावयास लावण्यात येते. दुपारची वीस-तीस मिनिटांची झोपही सायंकाळच्या कामाला उपकारक ठरते. पहाटेचे काम केलेल्या वैमानिकास रात्रीचे काम देत नाहीत. जमिनीवर टाकी भरणाऱ्या माणसास विमान थांबविण्याचा अधिकार देतात आणि हा अधिकार माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे. दर पंधरा-वीस मिनिटांनी वैमानिकाचा चेहरा पाहणारा तोच एक मनुष्य असतो.

आपल्याकडील परिस्थिती

भारतात १९७१ च्या कीटकनाशक नियमांत हवाई फवारणीविषयी स्वतंत्र तरतूद करण्यात आली. क्षेत्राची आखणी करण्याची जबाबदारी फवारणी करणाऱ्यावर ठेवली गेली. मान्यताप्राप्त औषधे मान्य केलेल्या तीव्रतेत व उंचीवरूनच फवारावयाची, हात-अंग धुण्याची व प्रथमोपचाराची सोय ठेवावयाची, किमान चोवीस तास आधी लोकांना सूचना द्यावयाची, संबंध नसलेल्या माणसांस व जनावरांस ठरावीक काळ त्या क्षेत्रात येऊ द्यावयाचे नाही, असे तिचे स्वरूप आहे. वैमानिकाने कीटकनाशकांच्या शरीरावर होणाऱ्या परिणामांसह विशेष प्रशिक्षण घेतले पाहिजे, ही तरतूदही त्यात आहे आणि ती दूरदृष्टीची म्हटली पाहिजे. कामाच्या तासांचा उल्लेख मात्र त्या नियमात नाही. सूचना देणे किती अगत्याचे आहे हे केरळातील कासारगोड भागाने दाखविले. तेथे काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने वर्षानुवर्षे एंडोसल्फान फवारले गेले आणि खालच्या वस्तीने त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर बंदी घातली. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव जमिनीवरचा आहे. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती व फवारा तोंडावर येत होता. औषधांची मिश्रणे, उघडे अंग, उष्मा अशी अनेक कारणे त्या वेळी चर्चिली गेली. सकाळपासून सायंकाळपर्यंत किती पंप मारले, सलग किती दिवस मारले, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला. कपाशीच्या गावांत मजुरांशी बोलताना असे आढळते की डोके जड होण्याचा दोष ते बहुधा उन्हाला देतात. वैमानिकाच्या बाबतीत जी गफलत होते तीच येथेही होते. २०२० च्या मे महिन्यात नागपूर व अमरावती जिल्ह्यांत टोळधाड उतरली तेव्हा टोळ रात्री झाडांवर बसत असल्याने फवारणी रात्री व पहाटे करावी लागली आणि दिवसा टोळांचा माग काढणे चालूच होते. कर्मचाऱ्यांच्या झोपेचा हिशेब त्या धामधुमीत कोण ठेवणार?

आता ड्रोन आले आहेत. २०२१ मध्ये ड्रोनविषयक नियम झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ड्रोनने कीटकनाशके फवारण्याची कार्यपद्धती केंद्रीय कृषी मंत्रालयाने जाहीर केली. २०२३ च्या अखेरीस १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर झाली. ड्रोन चालविणारी व्यक्ती जमिनीवर असते, त्यामुळे तारेला धडकून जीव जाण्याचे भय तिला नाही, ही मोठीच सुधारणा होय. परंतु ती दिवसभर उन्हात उभी असते, आकाशातील लहानशा ठिपक्यावर नजर खिळवून असते, दर काही मिनिटांनी बॅटरी बदलते, टाकी भरते, आणि पुष्कळदा औषधही तीच मिसळते. तिलाही मोबदला एकरी मिळतो. ड्रोन उद्या विजेच्या तारेत अडकला किंवा शाळेच्या आवारावर गेला तर ‘चालकाची चूक’ अशी नोंद होईल. चालक किती वाजता उठली होती हे नोंदवहीत नसेल.

ते नोंदवहीत आणणे ग्रामपंचायतीस अवघड नाही. फवारणीपूर्वी गावास सूचना दिली जाते, तेव्हाच काम सुरू होण्याची व बंद होण्याची वेळ त्यात लिहून घेता येईल. दुपारचे तास वगळावेत. औषध मिसळणारी व्यक्ती निराळी असावी व तिचे नाव वहीत असावे. काम थांबवा असे सांगण्याचा अधिकार चालक सोडून आणखी एका व्यक्तीस द्यावा, आणि तिने थांबविले तर त्या दिवसाचा मोबदला बुडणार नाही असे गटाने आधीच ठरवून घ्यावे. या शेवटच्या कलमावर बैठकीत वाद होईल, हे गृहीत धरावयास हरकत नाही. शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. गावच्या शिवाराचा नकाशा काढण्याचा पाठ वर्गात असतोच. त्या नकाशावर मुलांकडून विजेचे खांब व तारा लाल खडूने काढून घ्याव्यात आणि एक प्रत ड्रोन चालविणाऱ्या गटाकडे द्यावी. वस्तीजवळच्या तारा, विहिरीवरच्या मोटारीला नेलेली वेडीवाकडी जोडणी, नव्याने टाकलेली वाहिनी, हे सारे मुलांना चांगले ठाऊक असते.